आजोबांच्या गोट्यांचा डबा सापडला: कुठल्या आहेत, काय किमतीच्या आहेत?

घंटाळीकर (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, महिनाअखेरीस घर रिकामं करून द्यायचं आहे. माळा उतरवताना पितळी बंब आणि जुन्या पाटांच्या मागे पत्र्याचा एक डबा मिळाला. उचलला तर खळखळला. आत गोट्या! मी, ताई आणि दादा, तिघंही याच घरात वाढलो, पण हा डबा कधी कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला आजोबांच्या वळणदार अक्षरात "हात लावू नये" एवढंच लिहिलंय.

आजोबांचा जन्म १९१९ चा, ठाण्यातलाच. नोकरी मुंबई बंदरात, बॅलार्ड पियरच्या बाजूला, मालाची नोंद ठेवणारे कारकून. १९८७ साली गेले. त्यांच्या तोंडून गोट्यांबद्दल एक शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही.

आज संध्याकाळी चादर पसरून मोजल्या. एकूण ३६८. बऱ्याचशा आपल्या ओळखीच्या, आत रंगीत पाती असलेल्या. पण काही मी आयुष्यात पाहिल्या नाहीत. एकीच्या आत पांढऱ्या दोऱ्यांची जाळी आहे आणि तिच्याभोवती लाल-हिरव्या रेघा पिळत गेल्या आहेत. एकीत सोनेरी चुरा चमकतो. एक तर लिंबाएवढी मोठी आहे, आत चांदीचा असावा असा छोटा प्राणी दिसतो, बहुतेक कुत्रा. काही मातीच्या आहेत. आणि जवळजवळ शंभर गोट्या साध्या, फिक्या समुद्री रंगाच्या, एकाच मापाच्या, त्यांत बघण्यासारखं काही नाही. शिवाय दोन लोखंडी छर्रे आणि लाकडाची एक विचित्र वस्तू, झाकणासारखी, आतून मध्ये खुंटी. ती डब्यात चुकून पडली असावी.

आम्ही तिघं भावंडं. वाटणी करायची तर आधी कशाचं काय मोल ते कळलं पाहिजे. आमच्यात वाद नाही, पण अजाणतेपणी कुणाच्या वाट्याला काच आणि कुणाच्या वाट्याला हिरा असं व्हायला नको. इथे कुणी जाणकार असेल तर कृपया मदत करा.

पाचपाखाडीचा (शनिवार, रात्री १०.०५)

गोट्या! गावदेवी मैदानात आम्ही गल खणून खेळायचो. मोठी असायची ती ढब्बू, पांढरी ती दुधी. एका दुधीला पाच साध्या गोट्या मिळायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत खिसे फाटेपर्यंत भरलेले असायचे. धाग्यावर लक्ष ठेवतोय.

काचमणी (शनिवार, रात्री ११.२०)

मी वाशीची. वीस वर्षं जुनी काच गोळा करते, त्यात गोट्याही आल्या. आत्ता फक्त तीन गोष्टी सांगते, बाकी उद्या.

धुऊ नका. विशेषतः मातीच्या गोट्यांना पाणी लावू नका. त्या सच्छिद्र असतात आणि वरचा रंग नुसता लावलेला असतो, तो सुटतो. काचेच्याही गरम पाण्यात टाकू नका. जुन्या काचेत आधीच बारीक तडे असतात, ऊन-गार झालं की ते पसरतात.

एकत्र ओतू नका. गोटीवर गोटी आपटली की पृष्ठभागाच्या आत चंद्रकोरीसारखी खूण उठते. तशी प्रत्येक कोर म्हणजे किंमत उतरली. अंड्यांचे कागदी ट्रे आणा आणि त्यात एकेक ठेवा.

आणि कुणाला विकत देऊ नका, कुणाला "जरा घरी नेऊन बघतो" म्हणूनही देऊ नका, निदान ओळख पटेपर्यंत.

घंटाळीकर (रविवार, सकाळी ७.१५)

ताई, उशीर झाला. डबा सापडला त्याच दुपारी आम्ही मातीच्या आठ-दहा गोट्या कोमट पाण्यात साबण घालून चोळल्या. पाणी गुलाबी झालं. तेव्हा वाटलं मळ निघतोय. आता त्या फिक्या विटकरी रंगाच्या राहिल्यात. फार वाईट वाटतंय. बाकीच्यांना हात लावलेला नाही. जांभळी नाक्यावरून अंड्यांचे ट्रे आणायला दादाला पाठवलंय.

काचमणी (रविवार, दुपारी १.३०)

असू दे. साध्या मातीच्या गोट्यांना बाजारात फारसा भाव नसतोच, तेव्हा पैशांनी मोठं नुकसान झालेलं नाही. उरलेल्या तशाच राहू द्या.

आता ओळखीचं. चांगल्या उजेडात, शक्य असेल तर दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने, प्रत्येक गोटी फिरवून देठ शोधा. आंबा देठापासून तोडला की जशी खूण राहते तशी हाताने केलेल्या गोटीवर असते. इंग्रजीत तिला पाँटिल म्हणतात. ती का पडते ते कळलं की शोधणं सोपं जातं.

जर्मनीत थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. तिथे १८४० च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री निघाली, तिच्या एका पात्याला गोल वाटी. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवून जाड दांडा करायचा, तो पिळायचा, म्हणजे आतल्या रेघा पिळत जातात. मग त्या मऊ दांड्याचं टोक वाटीत फिरवून गोल करायचं आणि कापायचं. एक गोटी कापली की दांड्याचं पुढचं टोक हीच पुढच्या गोटीची सुरुवात. म्हणून अशा गोटीला दोन देठ असतात, समोरासमोर, दोन ध्रुवांसारखे. रेघा एका देठापासून निघून दुसऱ्यापाशी संपतात. देठ कधी खडबडीत असतो, कधी घासून सपाट केलेला.

पहिल्या महायुद्धापर्यंत जगभर या जर्मन गोट्या जात होत्या. पुढे अमेरिकेच्या यंत्रांनी तो बाजार घेतला. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या मार्टिन ख्रिस्तेन्सेन यांना १९०५ साली गोल वस्तू करण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. खोबणी असलेले दोन रूळ शेजारी शेजारी फिरतात आणि काचेचा तापलेला गोळा त्यांच्यामधून घरंगळत गोल होत जातो. यंत्राच्या गोटीला देठ नसतो, फार तर कापल्याची बारीक सुरकुती. पण ख्रिस्तेन्सेनच्या सुरुवातीच्या काळात काच भट्टीतून हातानेच उचलायचे, त्यामुळे त्या गोट्यांवर एका टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा पांढरा वळसा येतो. तो दिसला तर मला लगेच कळवा!

तुमच्या जाळीवालीला दोन देठ असणार, मला जवळजवळ खात्री आहे. सोनेरी चुरा म्हणजे सोनं नव्हे, काचेत वाढवलेले तांब्याचे बारीक स्फटिक. त्या गोट्यांना लुट्झ म्हणतात. आणि लिंबाएवढी गोटी... तिचं माप आणि वजन द्या.

ऐरोली_नाका (रविवार, दुपारी २.१०)

माझ्या माहितीत असे सगळे जुने रंगीत गोटे म्हणजे हकीक असतात. खंबायतचे. बोटात अंगठी करून घालण्यासारखे. काच समजून देऊ नका.

खडेवाले (रविवार, रात्री ८.४५)

सगळे हकीक नाहीत, पण चार-पाच असू शकतात. मी झवेरी बाजारात खडे तपासायचं काम करत होतो, आता निवृत्त आहे.

हकीक म्हणजे अगेट. दगड काचेपेक्षा जास्त वेळ थंड राहतो. दोन्ही पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग एकेक ओठाला लावून बघा. अगेट लगेच गार लागेल. दुसरं, भिंगातून बुडबुडे शोधा. काचेत गोल बुडबुडे मिळतात, अगेटमध्ये कधीच नाही. तिसरं, अगेटची गोटी हाताने घासून केलेली असेल तर उजेडात तिरकी धरल्यावर तिच्यावर बारीक बारीक पैलू दिसतात, कारण ती सपाट सपाट घासत गोल केलेली असते. यंत्राने घडवलेल्या आजच्या अगेट गोटीवर ते नसतात. चाकूने ओरखडा काढून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खंभातला, म्हणजे गुजरातमधल्या त्याच खंबायतला, हे काम फार पूर्वीपासून चालतं, दगड रतनपूरकडचा. जर्मनीत इडार-ओबरश्टाईनलाही अगेटच्या गोट्या करत, आणि ते लोक दगड रंगवण्यात उस्ताद. काळा रंग आणायला दगड साखरेच्या पाण्यात मुरवायचा, मग गंधकाम्लात टाकायचा. आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि दगड आतून काळा. आपल्या दख्खनच्या पठारातही अगेट भरपूर मिळतं, त्यामुळे "अगेट आहे म्हणजे जर्मन" असं धरून चालू नका.

घंटाळीकर (बुधवार, रात्री १०.३०)

तीन रात्री याच कामात गेल्या. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं केलं. ताई बदलापूरहून भिंग घेऊन आली, दादाने डिजिटल वजनकाटा आणि माप घ्यायचा व्हर्निअर आणला. हिशोब असा:

दोन देठ असलेल्या २३. त्यांत जाळीच्या गाभ्याच्या सर्वांत जास्त, सोनेरी चुऱ्याची एकच. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे असलेल्या तीन. एकाच देठाची एक, तीच प्राणीवाली, ३६ मिमी आणि ६१ ग्रॅम. गार लागणाऱ्या चार, तिघींवर पैलू दिसले (खडेवाले काका, ओठाची खूण अगदी बरोबर निघाली). मातीच्या ४१. अपारदर्शक आणि दुरंगी, देठ नसलेल्या ७४. पाती असलेल्या १२७. फिक्या समुद्री रंगाच्या ९६. आणि दोन छर्रे. नऊचा वळसा कशावरही मिळाला नाही.

२३ पैकी धड अशा सहाच. बाकीच्यांवर चंद्रकोरी आणि टवके आहेत. म्हणजे आजोबा त्यांच्याशी खेळले होते.

अजून एक. स्टेशनजवळून नोटा तपासायची जांभळी टॉर्च आणली. अंधारात सगळ्या ट्रेवरून फिरवली तर दोन पिवळसर हिरव्या गोट्या अशा पेटल्या की ताईने माझा हात धरला! हे धोकादायक आहे का?

काचमणी (गुरुवार, सकाळी ९.००)

नाही, बिनधास्त हातात घ्या. ती युरेनियम काच. रंगासाठी काचेत अगदी थोडं युरेनियम घालायचे, त्याचा किरणोत्सार नगण्य असतो. लहान मुलांच्या तोंडात मात्र जाऊ देऊ नका, तशी तर कुठलीच गोटी नको.

३६ मिमी आणि ६१ ग्रॅम म्हणजे काचच, हिशोब जुळतो. काचेची घनता पाण्याच्या अडीच पट धरली की तेवढंच वजन येतं. एक देठ आणि आत प्राणी म्हणजे ती सल्फाईड. प्राणी चांदीचा नाही. पांढऱ्या मातीसारख्या मिश्रणाची छोटी मूर्ती करून तापलेल्या काचेत बसवायचे. मूर्तीभोवती हवेचा पातळ थर अडकतो, तो उजेडात चांदीसारखा झळकतो. या गोट्या एकेकट्या करायला लागत, म्हणून एकच देठ. जर्मनच आहे. तुमच्या संग्रहातली सर्वांत मोलाची बहुधा हीच.

आता किमतीचं. नीट वाचा, कारण इथेच लोकांची फसगत होते. संकेतस्थळांवर गोट्यांना हजारो डॉलर मागितलेले दिसतील. मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. साधी जाळीवाली जर्मन गोटी, लहान मापाची, चांगल्या स्थितीत, साधारण १० ते ४० डॉलर. टवके असतील तर त्याच्या अर्ध्याहूनही कमी. लुट्झ निर्दोष असेल तर शंभराच्या पुढे जाते. सल्फाईडची किंमत प्राणी कुठला, काच रंगीत की बिनरंगी आणि वरचा पृष्ठभाग कसा यावर ठरते. कुत्रा, मेंढी हे नेहमीचे प्राणी. बिनरंगी काच आणि थोडे ओरखडे असतील तर पन्नास ते दीडशे डॉलरच्या आत. मोठं माप, अखंड पृष्ठभाग आणि ठळक रंग, या तीन गोष्टी पैसे आणतात. नुसतं जुनेपण आणत नाही. मातीच्या गोट्या सर्वांत जुन्या असूनही सर्वांत स्वस्त.

आणि कुणी "पॉलिश करून देतो" म्हणालं तर नको म्हणा. पॉलिशने देठच घासला जातो, म्हणजे गोटीचा पुरावाच पुसला जातो.

मोती_तलावपाळी (गुरुवार, दुपारी १२.२०)

एका डब्यात एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आभार सगळ्यांचे.

घंटाळीकर (शनिवार, रात्री ९.१०)

आज एक व्यापारी घरी येऊन गेले. दादाच्या ओळखीच्यांनी पाठवले होते. ट्रेवरून नजर फिरवून "सगळ्याचे सहा हजार" म्हणाले. मी नको म्हटल्यावर त्यांनी आठ गोट्या वेचून बाजूला काढल्या, "याच द्या, चार हजार देतो, बाकीच्या पोरांना खेळायला वाटून टाका." त्या आठांत प्राणीवाली, सोनेरी आणि दोन्ही पेटणाऱ्या होत्या. काचमणीताईंचा प्रतिसाद वाचलेला नसता तर दादा हो म्हणाला असता. तो स्वतःच नंतर तसं म्हणाला आणि गप्प बसला.

आता आम्हाला परदेशातल्या लिलावात टाकायचा विचार आहे. कुणाला अनुभव आहे?

दस्तऐवज (रविवार, सकाळी १०.१५)

थांबा. परदेशी पाठवण्याआधी कायदा बघा. १९७२ चा पुरावस्तू आणि कला संपत्ती अधिनियम. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरू शकते (हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची). पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, तो गुन्हा आहे. तुमच्या दोन देठांच्या गोट्या महायुद्धाआधीच्या असतील तर शंभरी ओलांडलेल्या आहेत. गोटीसारखी किरकोळ वस्तू यात येते का हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. दाखला हातात आल्याशिवाय पार्सल करू नका. कस्टम्समध्ये अडकलं तर माल तर जाईलच, वर मनस्ताप.

देशातल्या देशात घरची वस्तू विकणं हा वेगळा विषय आहे. वारशात मिळालं म्हणून कर लागत नाही, आपल्याकडे वारसा कर १९८५ साली बंद झाला. पण विकताना पावती करा.

काचमणी (रविवार, सकाळी ११.००)

दस्तऐवज यांचं म्हणणं अगदी योग्य. मी हे आधीच सांगायला हवं होतं.

घंटाळीकर, मला एक गोष्ट खटकतेय. पाती असलेल्या गोट्या, ज्यांना बाहेर कॅट्स आय म्हणतात, त्या १९५० च्या सुमारास जपानमधून यायला लागल्या. आजोबा तेव्हा तीस वर्षांचे, बंदरात नोकरीला. त्यांच्या लहानपणीच्या त्या असूच शकत नाहीत. मग त्या १२७ कुणाच्या?

घंटाळीकर (रविवार, रात्री ११.४५)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी तासभर ट्रेसमोर बसले.

बाबांचा जन्म १९४६ चा. १९५५-५६ ला ते गोट्या खेळायच्या वयाचे. पाती असलेल्या त्यांच्या असणार. आणि ते दोन छर्रे! बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते, तिथल्याच बेअरिंगचे. म्हणजे बाबांनी मोठेपणी ते आजोबांच्या डब्यात आणून टाकले. बाबांना डबा माहीत होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आता विचारता येत नाही.

डबा एका माणसाचा नाहीच. खाली आजोबा, वर बाबा. आम्ही चादरीवर ओतला आणि सगळं एकत्र झालं. कुठली गोटी कुठल्या थरात होती ते बघितलं असतं तर किती कळलं असतं.

पण एक जुळत नाही. त्या ९६ समुद्री रंगाच्या. जाळीवाल्या आणि दुरंगी गोट्या आजोबांनी खेळून जिंकल्या असतील, बंदरावर कुणी दिल्या असतील. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या ९६ गोट्या कुणी का जमवेल? खेळात तर सगळ्यांनाच रंगीत हव्या असतात.

कळवा_पूल (सोमवार, सकाळी ६.५०)

पहिल्यापासून वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. ताई, ती लाकडी वस्तू. झाकणासारखी, आत खुंटी. तिचा फोटो टाकाल का? आणि त्या ९६ गोट्यांचा पृष्ठभाग चकचकीत आहे की दुधी काचेसारखा जरा मंद?

घंटाळीकर (सोमवार, सकाळी ८.०५)

टाकलाय फोटो. गोट्या मंद आहेत, चकचकीत नाहीत. सगळ्या १५ ते १६ मिमी. बारीक बुडबुडे आहेत.

कळवा_पूल (सोमवार, सकाळी ८.३०)

वाटलंच. ताई, तो सोड्याच्या बाटलीचा दट्ट्या आहे. आणि त्या सोडागोट्या.

माझ्या आजोबांची कळव्याला सोड्याची गाडी होती. गोटी सोडा. बाटलीच्या मानेत काचेची गोटी आणि तोंडाशी आतून रबराची चकती. भरताना बाटली उलटी करायची, म्हणजे गोटी घरंगळत मानेशी येते, मग आतला गॅस तिला चकतीवर दाबून धरतो. बूच नाही, झाकण नाही, सोड्याच्याच दाबाने बाटली बंद. प्यायच्या वेळी हा दट्ट्या तोंडावर ठेवून वरून थाप मारायची, खुंटी गोटीला आत ढकलते. तो आवाज मला आजही ऐकू येतो. मानेला दोन खोलगट दाब असतात, ओतताना गोटी तिथे अडकते, परत तोंडाशी येत नाही. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची, १८७२ चं पेटंट.

बाटल्या फुटायच्या. भरताना दाबाने फुटायच्या, आपटून फुटायच्या. फुटलेल्या प्रत्येक बाटलीतून एक गोटी. आम्ही पोरं टपून असायचो. पण आमच्याकडे कधी वीसच्या वर जमल्या नाहीत, कारण गल्लीतली सगळी पोरं वाटेकरी. ९६ गोट्या ज्याच्याकडे आहेत त्याच्या घरातच सोडा भरला जात असणार.

काचमणी (सोमवार, सकाळी ९.४०)

कळवा_पूल, तुम्हाला नमस्कार. मी रंगीत गोट्यांच्या मागे लागले आणि ढळढळीत समोर होतं ते पाहिलं नाही. तो समुद्री रंग मुद्दाम दिलेला नसतो, वाळूतल्या लोहाने येतो. बाटलीची काच आणि गोटीची काच दोन्ही तशीच. मंदपणा बाटलीत घासून घासून आलेला.

घंटाळीकर (रविवार, रात्री ८.२०)

उशिरा लिहितेय, घर हलवण्यात आठवडा गेला.

काल आम्ही तिघं ऐरोलीला आत्याकडे गेलो. आत्या ८१ वर्षांची. लाकडी दट्ट्या तिच्या हातात दिला, काही सांगितलं नाही. तिने तो उलटा करून खुंटीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "हा दादांच्या दुकानातला." दादा म्हणजे आमचे पणजोबा. पणजोबांचं स्टेशनजवळ दुकान होतं एवढंच आम्ही ऐकलं होतं, कसलं ते नाही. सोडा-लेमनचं. आत्याने स्वतः ते पाहिलेलं नाही, तिच्या जन्माआधीच बंद झालं होतं, पण तिच्या आईने सांगितलेलं तिला पक्कं आठवतं. दुकानात भरायचं यंत्र होतं, लोखंडी चौकटीत बाटल्या ठेवून हाताने फिरवायचं. आजोबा दहा-बारा वर्षांचे असताना शाळेतून येऊन ते फिरवायचे. एकदा बाटली फुटून त्यांच्या डाव्या भुवईत काच गेली.

ती भुवईतली खूण आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. झोपाळ्यावरून पडले असं ते सांगायचे.

दुकान कर्जात गेलं. त्यानंतर आजोबांनी घरात कधी सोडा आणू दिला नाही, असं आत्या म्हणाली. लग्नाकार्यातसुद्धा नाही. पण फुटलेल्या बाटल्यांतल्या गोट्या त्यांनी ठेवल्या, आणि "हात लावू नये" असं लिहून ठेवल्या.

वाटणी आजच झाली. सोडागोट्या ९६, तिघांत ३२-३२. त्यांत कमी-जास्त काही नाही, सगळ्या सारख्या, चिठ्ठ्या टाकायची गरजच पडली नाही. मातीच्या आणि बाबांच्या पातीवाल्या पोरांसाठी, दादाच्या मुलाने आज नव्या सोसायटीच्या बागेत गल खणलाय. जर्मन २३, अगेट, सल्फाईड आणि पेटणाऱ्या दोन विकायच्या नाहीत असं ठरलं. शीवला जाऊन दाखला काढायचा तो प्रश्नच उरला नाही. त्या ताईकडे राहतील, ट्रेमध्ये, एकेक वेगळी. दुरंगी ७४ मधल्या कुणाला अभ्यासाला हव्या असतील तर काचमणीताई, आधी तुम्ही बघायला या.

दट्ट्या आत्याने परत दिला नाही. आम्ही मागितलाही नाही.

कळवा_पूल (रविवार, रात्री ८.५५)

ताई, माझ्याकडे आजोबांच्या गाडीची एक अख्खी बाटली आहे, गोटीसकट, रबर मात्र गेलंय. आत्यांना दाखवायला आणू का? शनिवारी मी ऐरोलीलाच असतो.

घंटाळीकर (रविवार, रात्री ९.००)

नक्की आणा. मी आत्याला फोन करून सांगते. चार वाजता या, दुपारी ती झोपते.